कार्ड दाखवा, मावशी

ती कार्डं मी कापली होती, हे आधीच सांगून टाकतो. काकूंचा त्यात काही दोष नाही.

लातूरला सरकारी दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या वखारीच्या पत्र्याखाली आमचं अन्नछत्र चालतं. अन्नछत्र हा शब्द त्या जागेला फार मोठा होतो. दोन मोठी पातेली, एक भट्टी, चार बाकं आणि स्टीलच्या ताटांचा ढीग, एवढंच तिथं आहे. दोन्ही वेळेला वरण-भात आणि भाकरी मिळते. वरण फुटक्या तूरडाळीचं असतं. डाळीच्या मिलमधून ती डाळ पोत्यानं येते. दिसायला बरी नसते, पण शिजल्यावर कुणाला काय कळतंय? भाकऱ्या मात्र तिथं होत नाहीत. आसपासच्या गल्ल्यांतल्या बाया आपला स्वयंपाक करताना दोन भाकऱ्या जास्त थापतात आणि एक ऑटोवाला दारोदार फिरून त्या फडक्यात गोळा करून आणतो. त्यामुळे आमच्या टोपल्यातली एक भाकरी दुसरीसारखी नसते. एखादी जाड, एखादी पापडासारखी, एखादी कडेला करपलेली. जेवणारी माणसं भाकरी हातात घेऊन म्हणतात, "ही औशाकडची बाई दिसती. हात लई जड हाय."

हे सगळं काकूंनी सुरू केलं. काकू पूर्वी डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायच्या. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, याच दवाखान्यात दीड महिना पडून होते आणि तिथंच वारले. खाटेवरच्या माणसाला दवाखान्याचं जेवण मिळायचं, खाटेशेजारी बसलेल्या बाईला नाही. चहा आणि दोन बिस्किटांवर काकूंनी तो दीड महिना काढला. पुढे सहा महिन्यांनी त्या वरणाचं एक पातेलं घेऊन दवाखान्याच्या गेटासमोर येऊन बसल्या. मी त्यांना भेटलो तेव्हा एका पातेल्याची दोन झाली होती.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बापाला सही येते, आईला तीही येत नाही. मी शिकलो तो कागदांवर शिकलो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाइड, शिष्यवृत्तीचा अर्ज. एकेका कागदासाठी तहसीलच्या व्हरांड्यात दिवस काढले, पण कागद हातात आला की दार उघडायचं, हेही पाहिलं. ज्याच्याकडे कागद आहे त्याचं काम होतं आणि तेच बरोबर आहे, असं माझ्या मनात पक्कं बसलं. नोकरीतही दिवसभर मी तेच करतो, पोरांचे कागद तपासतो. अन्नछत्रात मी संध्याकाळी आणि रविवारी जायला लागलो तेव्हा मला खरोखरच वाटत होतं की आपल्याला मिळालं, आता आपण द्यावं.

अडचण अशी होती की जेवण पुरत नव्हतं. रांगेत पेशंटचे नातेवाईक असायचे, तसे नाक्यावरचे मजूर असायचे, ऑटोवाले असायचे, क्लासची पोरंही असायची. शेवटी एखादी बाळंतिणीची आई वॉर्डातून धावत यायची तेव्हा पातेलं खरवडलेलं असायचं. दोनदा मी ते पाहिलं. तिसऱ्यांदा काकूंना म्हणालो, "काकू, दवाखान्यातल्या माणसांना आधी मिळालं पाहिजे. केस पेपर बघून कार्ड देऊ. कार्डवाले आधी, उरलं तर बाकीचे."

काकू भात उलथत होत्या. म्हणाल्या, "रांगेत उभा ऱ्हायला मानूस उगं येतंय व्हय?"

"तसं नाही काकू. शिस्त लागेल."

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "बघा बाबा. तुमी शिकलेले हाव. तुमाला कळतंय."

मी कॉलेजातून पिवळा जाड कागद आणला आणि कार्डं कापली. कार्डावर पेशंटचं नाव, गाव, वॉर्ड, खाट. रांगेच्या तोंडाशी मी एक टेबल मांडलं आणि खुर्ची घेऊन बसलो. आठवड्याभरात रांग सरळ झाली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, खाली अंगठे आले, 'सरांमुळे शिस्त लागली' असंही कुणी लिहिलं. तो मेसेज मी आईला फोनवर वाचून दाखवला होता.

ती मावशी कार्डाच्या पहिल्या आठवड्यातच आली. पंचावन्न-साठ वय, विटलेलं हिरवं लुगडं, बोलणं कमी. नवऱ्याचा केस पेपर तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपला होता. गाव नायगाव तालुक्यातलं. तिकडची माणसं नांदेडला जातात, तुम्ही इकडे कशा, असं मी विचारलं. नवरा रेणापूरकडे एका शेतावर सालगडी होता आणि तिथंच छातीत कळ येऊन पडला, म्हणून इकडं आणलं, असं तिनं सांगितलं. मी कार्ड भरून दिलं. दोन वेळेला ती यायची, जेवायची, आपलं ताट घासायची आणि सोबत दुसऱ्यांची चार घासून ठेवायची. मला 'सायेब' म्हणायची. मध्ये बारा-पंधरा दिवस ती दिसली नाही. परत आली तेव्हा मी कार्ड पाहिलं आणि मान हलवली. माणसाकडे पाहिलंच नाही.

एका शनिवारी आमच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना भरती केलं म्हणून मी वॉर्डात गेलो. तिच्या कार्डावरची खाट मला पाठ होती, कारण ती अगदी दाराशी होती. खाटेवर वेगळाच तरुण माणूस. सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "ते बाबा का? ते गेले की. महिना होत आला."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, रांग लांब होती. तिची पाळी आली.

"कार्ड दाखवा, मावशी."

तिनं कार्ड पुढं केलं. कोपऱ्याला वरणाचा पिवळा डाग होता.

"पेशंट कसा आहे?"

"हाय तसाच, सायेब."

"जेवतात का?"

"खातेत थोडं. पेज पाजते."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, आवरा की! वरण निवायलंय." दुसरा म्हणाला, "दम धर. सायेब परीक्षा घ्यायलेत." माणसं हसली. मीही हसलो. हे लिहायला जड जातंय, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता. लबाडी पकडल्याचा आनंद. कॉलेजात खोटा दाखला सापडला की होतो, अगदी तसा.

मी आवाज चढवून म्हणालो, "काल मी वॉर्डात जाऊन आलोय. त्या खाटेवर दुसराच माणूस आहे. तुमचा माणूस जाऊन महिना झाला, मावशी. आणि तुम्ही त्याच्या कार्डावर जेवताय."

मागची माणसं माना वाकवून पुढं बघायला लागली.

ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या कार्डाकडे बघत होती. मग तिनं पदराचं टोक उचललं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. नीट पुसलं गेलं नाही. भुवईच्या वर लाल फराटा राहिला. म्हणाली, "गेलाय तो. घ्या तुमचं कार्ड."

हातातलं रिकामं ताट तिनं परत ढिगावर ठेवलं, खालच्या ताटावर बरोबर बसवलं आणि गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागली.

तेव्हा कुठं मला दिसलं. तिच्या हातात दोनच काचेच्या बांगड्या होत्या, एक हिरवी, एक लाल, दोन वेगवेगळ्या मापांच्या. कित्येक दिवस ते हात कार्ड घेऊन माझ्यासमोर येत होते. गावाकडे दहाव्याला बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या असतील, कुंकू पुसलं असेल. ते सगळं होऊन ती परत आली होती आणि इथं कुठंतरी, स्टँडच्या नळावर म्हणा की दवाखान्याच्या आवारात, बोटानं परत कुंकू टेकवून रोज रांगेत उभी राहत होती. माझ्या कार्डाला तिचा नवरा जिवंत लागत होता, म्हणून.

रांगेतली एक बाई, कडेवर लेकरू असलेली, मला म्हणाली, "सर, तुमाला आय हाय का न्हाई?"

मी उठलो, गल्लीच्या तोंडापर्यंत पळत गेलो. रविवारचा रस्ता, ऑटो, दुचाक्या. ती दिसली नाही.

काकू पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना त्या लेकुरवाळ्या बाईनं सांगितलं. काकू मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या टेबलाला हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा मालक गेला तवा मी दोन दिस ह्याच दवाखान्यात बसून हुते. घरला जायाला पाय उचलंना. कुणीतरी एक केळं दिलं. त्यानं इचारलं न्हाई, की बाई तुजं मानूस हाय का गेलं." मग आत जाता जाता म्हणाल्या, "वाढा आता. लोक उभी हायत."

मी वाढलं. टेबल संध्याकाळी मीच उचलून ठेवलं. कार्डं भट्टीत घातली. तिचं तेवढं खिशात ठेवलं.

आता जे सांगायचं आहे ते मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आईलाही नाही.

अकरावी-बारावीला मी लातुरात खोली घेऊन राहत होतो. आमच्याकडे गावाकडून शिकायला आलेल्या पोरांचे डबे एसटीनं येतात. सकाळच्या गाडीला आई डबा लावते, कंडक्टर तो स्टँडवर उतरवतो, पोरं येऊन आपापला उचलतात आणि रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत जातो. झाकणावर ऑइलपेंटनं नाव असतं. बारावीच्या हिवाळ्यात माझी आई विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. माझा डबा बंद झाला. मी कुणाला सांगितलं नाही. सवयीनं स्टँडवर मात्र जायचो. एक दिवस सगळे डबे गेल्यावर एक राहिला. रेणापूरच्या अलीकडच्या एका गावातल्या पोराचा. तो पोरगा क्लासला दोन दिवसांपासून दिसत नव्हता. मी डबा उचलला. कंडक्टरनं विचारलं, "तुझाच का रे?" मी म्हणालो, "माझाच."

तीन भाकऱ्या, बेसन, कांदा. खाऊन डबा नळावर घासला आणि परतीच्या गाडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. तिसऱ्या दिवशी पण. महिनाभर मी त्या डब्यावर जेवलो. आठ-दहा दिवसांनी तीनच्या चार भाकऱ्या झाल्या.

महिन्यानं तो पोरगा क्लासला आला. डोळे अजून पिवळट होते. म्हणाला, "कावीळ झालती. महिनाभर घरीच पडून होतो."

घरीच. म्हणजे पोरगा डोळ्यांसमोर अंथरुणावर असताना त्याची आई रोज सकाळी उठून त्याच्या नावाचा डबा भरत होती. पहिला डबा कदाचित तिनं पोरगा घरी यायच्या आधी लावला असेल. तो घासून-पुसून परत आला, तेव्हा तिला कळलं असणार की लातुरात कुणाचं तरी पोट याच्यावर आहे. तिनं निरोप पाठवला नाही, चिठ्ठी टाकली नाही, कंडक्टरला विचारलं नाही. एक भाकरी वाढवली.

तिचे आभार मानायला मी कधीच गेलो नाही. आभार मानायचे तर आधी चोरी सांगावी लागली असती. पदवी मिळाली तेव्हा पेढे घेऊन तिच्या गावाच्या फाट्यावर उतरलो होतो, आणि पुढच्या गाडीनं परत आलो. हे मी विसरलो होतो, असंही म्हणता येत नाही. दर रविवारी त्या खुर्चीवर बसून कार्ड बघताना मला हे माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी कार्ड घेऊन निघालो. लातूर ते नांदेड, नांदेडहून नायगाव, पुढे टमटम. गावात पोचेपर्यंत दुपार झाली. गाव लहान. कार्डावरचं नाव सांगितल्यावर एकानं बोट दाखवलं, "त्या लिंबापलीकडं. पन मानूस वारला त्यो."

दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कुणाकडं आलाव?"

"इथल्या मावशींकडे. लातूरहून आलोय."

म्हातारीचा हात थांबला. "लातूरहून? त्या जेवणवाल्यातले काय तुमी?"

"हो."

"तुमीच का वाढताव तिला?"

मी म्हणालो, "हो. मीच."

तिनं सूप बाजूला सारलं आणि घोंगडी टाकली. "बसा, बसा. ती तर तुमच्याकडंच गेली की! मंगळवारी आलती, गुरुवारी गाठुडं बांधलं. म्या म्हनलं, अगं ऱ्हा की चार दिस. तर म्हनली, हितं काय हाय माजं? पोरगं सून घेऊन हैदराबादला बांधकामावर. रेशनच्या मशीनवर अंगठा उठंना. लातूरला लई चांगली मानसं हायत म्हनली. दोन वक्ताला ताट वाढतेत, कोण-कुठली इचारत सुदिक न्हाईत." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "आली न्हाई का तिकडं?"

मंगळवारी. मी तिला चारचौघांत लबाड ठरवलं त्याच्या दोन दिवसांनंतर, याच ओट्यावर बसून तिनं आमच्याबद्दल हे सांगितलं होतं.

इथं मला लिहावंसं वाटतं की ती नवरा गेल्यावरही दवाखान्यात राहिली ती दुसऱ्या कुणा बेवारस पेशंटसाठी, आपल्यातला घास त्याला देत होती, असं काहीतरी. लातूरहून येताना गाडीत मी अशी दोन-तीन कारणं मनाशी जुळवलीही होती. असं कारण असतं तर निदान मी एका थोर बाईला ओळखलं नाही, एवढ्यावर भागलं असतं. तसं काही नव्हतं. तिला भूक लागत होती. घरी दाणा नव्हता आणि लातूरला ताट मिळत होतं. याहून जास्त कारण तिच्याकडे नव्हतं, आणि जास्त कारण लागायलाही नको होतं.

म्हातारी उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "मी दोन-चार दिवस रजेवर होतो. आल्या असतील."

हे मी म्हणालो. खरं सांगायला म्हणून इतक्या लांब आलो होतो.

"आसंल, आसंल," म्हातारी म्हणाली आणि उठली. मी नको-नको म्हणालो. "गप बसा. आमच्या शेजारणीला जेवू घालणारा मानूस माज्या दारातनं उपाशी जातोय व्हय?" तिनं चूल पेटवली. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि दोन भाकऱ्या. तिसरी मी नको म्हणत असतानाच ताटात पडली. मी सगळं खाल्लं. एसटी स्टँडवर 'माझाच' म्हणून उचललेला डबा आणि हे ताट यांत मला काही फरक दिसत नव्हता. तेव्हा अंगावर शाळेचा शर्ट होता, आता हातात घड्याळ होतं, एवढाच.

निघताना तिनं मला गोठ्यापाशी नेलं. एक तांबडी शेळी आणि तिच्या पोटाशी लुचणारी दोन करडं.

"ही तिचीच. माज्याकडं सांभाळायला दिलती. शुक्रवारी व्याली, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला म्हनावं, दोन करडं झाली, दूध बी हाय. म्हनावं, आता ये घरला, रोजचं भागंल." मग हसून म्हणाली, "ती तुमचं ऐकंल. सायेब लई चांगले म्हनती तुमाला."

"सांगतो," मी म्हणालो.

ती लातूरला आली नाही. काकूंनी नाक्यावरच्या बायांना सांगून ठेवलंय. रेणापूरच्या त्या शेतावर मी दोनदा जाऊन आलो, तिथं दुसरा सालगडी आहे. नांदेडच्या स्टँडवर, तिथल्या दवाखान्याच्या आवारात जाऊन पाहिलं. काकूंना मी सगळं सांगितलं, डब्याचंही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "शेळी व्याली ते तिला कळाय पायजे."

आता अन्नछत्रात टेबल नाही. मी भाकरी वाढतो. जेवण कमी पडतं तेव्हा कमी पडतं, मग काकू परत भात टाकतात आणि शेवटची माणसं अर्धा तास थांबतात. रांगेत हिरवं लुगडं दिसलं की माझा हात थांबतो. मी आधी हात पाहतो, मग चेहरा. अजून एकदाही ती नव्हती. तिचं पिवळं कार्ड माझ्या पाकिटात आहे, आणि शेळीला दोन करडं झाल्याचा निरोपही अजून माझ्यापाशीच आहे.